मुंबईतली इमारत आणि महापालिका: कुठला कागद, कुठलं टेबल, कुठली नोटीस

मुंबईत नुकतं घर घेतलंय, भाड्याने राहायला आलाय, किंवा सर्वसाधारण सभेला दांडी मारलीत म्हणून तुमच्या मागे तुम्हाला कमिटीवर निवडून टाकलंय? मग पुढचं वाचून ठेवा.

एक गैरसमज आधी दूर करू. महापालिकेचा माणूस दरवर्षी येऊन इमारतीचे पिलर तपासतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही होत नाही. पावसाळ्याआधी वॉर्डातर्फे जीर्ण इमारतींची पाहणी होते, पण तिचा रोख आधीच मोडकळीला आलेल्या इमारतींवर असतो आणि ती बरीचशी नजरेनेच होते. बाकी इमारतींची पालिकेशी गाठ पडते ती बांधकाम चालू असताना आणि मग थेट तिशी ओलांडल्यावर. दुसऱ्या वेळीसुद्धा पालिका स्वतः तपासत नाही, तुमच्याकडे दाखला मागते. मधली तीस वर्षं राहणाऱ्यांच्या भरवशावर. या शहरातल्या अनेक इमारतींचा घात नेमका या मधल्या काळात झालेला आहे.

आधी बघा, इमारत कोणाच्या हद्दीत येते

तक्रार घेऊन चुकीच्या दारात गेलात तर महिनाभर ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकत फिराल. मुंबईत सगळ्या इमारती पालिकेच्या एकाच टेबलाखाली येत नाहीत.

साधी खासगी इमारत किंवा सोसायटी असेल तर तुमचं विभाग कार्यालय, म्हणजे वॉर्ड ऑफिस. तिथे ‘इमारत व कारखाने’ नावाचा विभाग असतो. अनधिकृत बांधकाम, धोकादायक इमारत, दुरुस्तीची परवानगी हे सगळं तिथेच. नवीन बांधकामाचे नकाशे मात्र वॉर्डात मंजूर होत नाहीत. त्यासाठी ‘इमारत प्रस्ताव’ हे वेगळं खातं आहे. नवखा माणूस इथेच पहिल्यांदा अडखळतो. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय आणि मजल्यांबद्दल शंका आहे, तर इमारत प्रस्ताव. खालच्या दुकानदाराने भिंत फोडली, तर वॉर्ड.

शहर भागातली, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची, ३० सप्टेंबर १९६९पर्यंतची भाडेकरूंची इमारत असेल तर ती बहुधा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणारी असते. तिच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. म्हाडाच्या वसाहतींना २०१८पासून म्हाडा हेच नियोजन प्राधिकरण आहे. झोपु योजनेतल्या इमारतीचे नकाशे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मंजूर करतं. रेल्वे आणि बंदराच्या जमिनींचा मामला आणखी निराळा. हद्दीचा घोळ किती महागात पडतो हे १३ मे २०२४ला घाटकोपरला दिसलं. वादळात पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं, आणि उभं होतं रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर. परवानगी कोणाची लागते यावरून त्यानंतर कितीतरी दिवस एकमेकांकडे बोटं दाखवणं चाललं होतं.

आपली इमारत उपकरप्राप्त आहे की नाही हे कळायचा सोपा मार्ग मालमत्ता कराच्या बिलातून जातो. दुरुस्ती उपकर या करासोबतच वसूल होतो. मालकाकडून बिलाची प्रत मागून घ्या.

इमारतीच्या जन्माचे कागद

बांधकामाची परवानगी एका फटक्यात मिळत नाही. वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक नकाशे सादर करतो. ते तपासले जातात २०१८पासून लागू असलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४प्रमाणे. मग येतो ‘आयओडी’, म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. नावात नामंजुरी, प्रत्यक्षात सशर्त होकार: एवढ्या अटी पुऱ्या करा, मग बांधा. अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, स्ट्रक्चरल इंजिनीअरची नेमणूक, पाण्याची आणि मलवाहिनीची सोय अशी ती यादी लांबलचक असते.

त्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे ‘सीसी’. ही सहसा टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, जोतं नकाशाप्रमाणे झालंय का हे बघून पुढच्या मजल्यांसाठी. बिल्डर सीसी दाखवत असेल तर ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट विकणाऱ्याच्या हातात जोत्यापर्यंतचीच सीसी असू शकते. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलंत की ही कागदपत्रं तिथेच बघता येतात, बिल्डरच्या ऑफिसात चहा घेत ताटकळायची गरज नाही.

सगळं झालं की भोगवटा प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘ओसी’. ही नसताना राहायला जाणं बेकायदा आहे, तरी हजारो कुटुंबं तशी राहतात. ओसी अंशतःही असते: ए विंगला आहे, बी विंगला नाही, पहिल्या दहा मजल्यांना आहे, वरच्या चारांना नाही. म्हणून ‘ओसी आलीय’ या वाक्यावर विसंबू नका, प्रतीवरची विंग आणि मजले आपल्या फ्लॅटशी ताडून पाहा. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८०च्या दशकात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. लोक पंचवीसेक वर्षं तिथे राहिले, कर भरले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अनधिकृत ठरवले आणि २०१४च्या जूनमध्ये पालिकेने त्या घरांची वीज, पाणी आणि गॅस तोडला.

नव्या घराबद्दल एवढंच: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेरा कायद्यानुसार बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. स्लॅबला भेगा, बाहेरच्या भिंतीतून गळती असं काही दिसलं की फोटो काढा आणि लेखी कळवा. तोंडी तक्रारीला पाच वर्षांनी कोणी विचारत नाही.

घरात काम काढताना

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण नियमभंग इथेच सगळ्यात जास्त होतो आणि तो करणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३४२. यात घरगुती दुरुस्तीची यादी आहे, जिला पालिकेची परवानगी लागत नाही: प्लास्टर, रंग, लादी बदलणं, संडास-बाथरूम-मोरीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, सांडपाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या, त्याच सामानाने छप्पर नव्याने घालणं. त्याच कलमात काय चालत नाही तेही लिहिलंय: बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, आधाराचा कुठलाही भाग किंवा भार पेलणारी भिंत काढणं किंवा बदलणं, जोतं, पाया किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की ठेकेदाराने ‘साहेब, काही होत नाही’ म्हणत सुचवलेली निम्मी कामं दुसऱ्या यादीत सापडतात. हॉल आणि बेडरूममधली भिंत काढून मोठी खोली करायची? आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत ती नुसती विटांची असू शकते, पण जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत तिच्यावरच वरचे मजले उभे असतात. डोळ्यांनी फरक कळत नाही. इमारतीचा मंजूर आरसीसी नकाशा काढा, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, त्याचं लेखी मत घ्या, मग वॉर्डात अर्ज करा. बीममधून एसीचा पाइप काढायला भोक पाडणं हेही याच सदरात येतं. आत सळई लागली की कारागीर ती कापून मोकळा होतो.

तळमजल्यावर बारीक लक्ष ठेवा. दुकानदाराला पिलर अडचणीचा वाटतो, कारण तो शोकेसच्या मधोमध येतो. २५ जुलै २०१७ला घाटकोपरची सिद्धीसाई इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात पिलरना हात लावल्याचा आरोप झाला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ मृत्यू. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरफारांकडेच बोट गेलं. आणि ती इमारत खुद्द महापालिकेची होती, राहणारे पालिकेचेच कर्मचारी. नियम करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात ही गत, तर बाकीच्यांनी पालिकेच्या नजरेवर किती भिस्त ठेवावी?

काम चालू असतानाच तक्रार केलीत तर उपयोग होतो. कलम ३५४ए खाली पालिका काम थांबवण्याची नोटीस देते आणि परवानगी दाखवायला २४ तास मिळतात. काम उरकल्यावर मग कलम ३५१ची कारणे दाखवा नोटीस, तिचं उत्तर, त्यावर आदेश, मग दिवाणी न्यायालयातून स्थगिती... वर्षं जातात. म्हणून हातोड्याचा आवाज आला त्याच दिवशी जिने उतरून खाली जा आणि काय फुटतंय ते बघा.

सोसायटी असेल तर कमिटीने एक सवय लावून घ्यावी: काम सुरू होण्याआधी सभासदाकडून कामाची लेखी यादी, कारागिराचं नाव आणि ‘पिलर, बीम, स्लॅबला हात लावणार नाही’ असं पत्र घ्यायचं. भिंत उघडी असताना एकदा आत जाऊन बघायचं. लादी बसल्यावर खाली काय तोडलं हे कोणालाच दिसत नाही.

इमारत तिशीची झाली

त्याच १८८८च्या अधिनियमाचं कलम ३५३बी. बांधकाम पूर्ण झाल्यापासून, भोगवट्याची परवानगी मिळाल्यापासून किंवा निम्म्या क्षेत्रात लोक राहायला आल्यापासून, यातलं जे आधी असेल तिथपासून ३० वर्षं मोजायची. ती भरली की मालकाने किंवा राहणाऱ्यांनी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेऊन स्थैर्याचा दाखला वॉर्डात द्यायचा. तिशीच्या आतल्या इमारतीलाही आयुक्त कारण नोंदवून तपासणी करायला लावू शकतात.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचा हिशोब याहून कडक आहे: १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. पालिका तिशीपर्यंत वाट बघते, उपविधी बघत नाहीत. पैशाचं कारण सांगणाऱ्या सभासदाला हेही सांगा की दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या साठवणीसाठी, किमान ०.२५ टक्के वर्गणी उपविधींतच लिहिलेली आहे. ती वसूल होत नसेल तर ऑडिटच्या वेळी रडारड होणारच.

ऑडिट कसं होतं ते जवळून बघा. स्वस्तातला ऑडिटर इमारतीभोवती फेरी मारून, वीस फोटो काढून, छापील साच्यात अहवाल देतो. त्याला पैसे देऊ नका. खरा ऑडिटर घराघरात शिरतो, सगळ्यात आधी संडास-बाथरूमच्या खालच्या स्लॅबकडे बघतो, गच्चीवर टाकीखालचे पिलर बघतो. कुठे तपासायचं ते ठरवून तिथलं प्लास्टर काढायला लावतो, कारण प्लास्टरवर मारलेल्या रिबाउंड हॅमरचा, म्हणजे आपटून मजबुती जोखणाऱ्या हातोड्याचा आकडा प्लास्टरचा असतो, काँक्रीटचा नसतो. पिलरच्या दोन बाजूंना यंत्राची टोकं लावून ध्वनिलहरी किती वेगाने आरपार जातात ते मोजतो. भारतीय मानकाने ठरवलेल्या मर्यादेच्या वर वेग असेल तर काँक्रीट चांगलं, खाली गेला तर संशयास्पद. मग एका कोपऱ्यात काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर बाटलीतलं बिनरंगी औषध फवारतो. हे फिनॉल्फथॅलीन. जिथे गडद गुलाबी रंग येतो तिथलं काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, आतल्या सळईला त्याचं संरक्षण आहे. जिथे रंग येतच नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते संरक्षण संपवलंय. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर गंज आज ना उद्या धरणारच. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचं आवरण आतून फोडते. छतातून पडणारे ते पोपडे रंगाचे नसतात.

तपासणीच्या दिवशी कमिटीतल्या एकाने तरी सोबत फिरावं. कुठल्या पिलरवर कुठली चाचणी झाली, आकडा काय आला हे वहीत टिपावं. पुढे अहवालावर वाद झाला तर हीच वही कामाला येते.

सी-१ की सी-३?

अहवालाच्या शेवटी वर्ग असतो. सगळ्या इमारतीचं भवितव्य त्या एका अक्षर-आकड्यावर लटकलेलं असतं, तरी सभासद अहवालाची पानं उलटतात ती खर्चाचा अंदाज बघायला.

सी-१ म्हणजे राहण्यायोग्य नाही, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोकांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

सी-१ ठरली की कलम ३५४ची नोटीस येते. ती मालकाला मिळते, राहणाऱ्यांना मिळते आणि इमारतीवर डकवलीही जाते. खोली सोडली नाही तर पाणी आणि वीज तोडून पोलीस बंदोबस्तात बाहेर काढता येतं. आता इथली खरी भानगड. पागडीच्या इमारतीत मालकाने आणलेला अहवाल सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंनी आणलेला सी-२बी. मालकाला इमारत पाडून हवी असते, भाडेकरूला भीती असते की एकदा बाहेर पडलो की परत आत यायचं नाही. दोघांच्या इंजिनीअरनी तेच पिलर बघितलेले असतात!

यावर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे सगळे ‘टॅक’ म्हणतात तिच्याकडे जातं. दुसरं, पाडकामापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं. तिसरं, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

तेव्हा नोटीस हातात पडल्यावर काय करायचं? तारीख आणि मुदत बघा. नोटीस कुठल्या अहवालाच्या आधारावर दिली ते वाचा आणि त्या अहवालाची प्रत वॉर्डातून लेखी मागा. अहवाल पटत नसेल तर पालिकेकडे नोंदणी असलेल्या दुसऱ्या इंजिनीअरकडून चाचण्यांसह ऑडिट करून घेऊन मुदतीच्या आत वॉर्डात दाखल करा आणि प्रकरण टॅककडे पाठवण्याची लेखी विनंती करा. नुसतं ‘आमची इमारत मजबूत आहे’ असं सह्यांचं निवेदन कोणी वाचत नाही. अहवाल पटत असेल तर भांडू नका, पण बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं मोजमाप झालंय आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत आपल्याजवळ आहे एवढं पक्कं करा. भाडेपावत्या, वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतलं नाव यांच्या प्रती एका पिशवीत घालून नातेवाइकाकडे ठेवा. राहणारी मंडळी कधीकधी अपुऱ्या वेळात बाहेर काढली जातात आणि मागे राहिलेलं कपाट मलब्यात जातं.

सी-२बी आली म्हणून हुश्श करून अहवाल फायलीत लावणाऱ्या सोसायट्याही आहेत. दुरुस्ती करायची म्हणून तो वर्ग मिळालेला असतो. पुढच्या ऑडिटपर्यंत काही केलं नाही तर तीच इमारत जास्त धोक्याच्या वर्गात सरकते.

उपकरप्राप्त इमारतींचं थोडक्यात. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथपासून डिसेंबर १९५०पर्यंतच्या ‘ब’मध्ये आणि ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या ‘क’मध्ये. म्हाडाचं मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. यादीत नाव आलं तर संक्रमण शिबिरात जागा मागण्याचा अर्ज मंडळाकडे करायचा. शिबिर दूरच्या उपनगरात निघतं, मुलांची शाळा दक्षिण मुंबईत असते, म्हणून लोक जात नाहीत. ही अडचण खरी आहे. पण यादीत नाव असलेल्या इमारतीत पावसाळा काढू नका.

आगीचा कागद दर सहा महिन्यांनी

तीस वर्षांच्या त्या पोकळीला हा एक अपवाद आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. तुमच्या सोसायटीचा शेवटचा फॉर्म बी कोणत्या महिन्याचा आहे हे सेक्रेटरींना विचारा. उत्तर यायला लागणारा वेळच बरंच सांगून जातो.

फॉर्म असूनही यंत्रणा मेलेली असू शकते. एका रविवारी वॉचमनला घेऊन गच्चीपासून खाली या. होज रीलचा, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीचा नळ उघडून पाणी येतं का बघा, पंपाचं बटण ‘ऑटो’वर आहे की बंद ठेवलंय ते बघा, रेफ्युज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेला कुलूप आहे का, तिथे कोणाचा जुना सोफा पडलाय का, जिन्यात चपलांचे रॅक आणि सायकली किती, विजेच्या डक्टमध्ये कोणी झाडू-बादली ठेवलीय का. यातल्या बहुतेक गोष्टी नीट करायला एक रुपयाही लागत नाही. भांडण मात्र लागतं, विशेषतः चपलांच्या रॅकवरून.

लिफ्ट पालिकेच्या अखत्यारीत नाही. तिची तपासणी आणि परवाना राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षकांकडे असतो.

तक्रार कशी लिहायची

‘आमच्या इमारतीत बेकायदेशीर काम चालू असून त्वरित कारवाई व्हावी’ असं लिहिलंत तर ते पत्र एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जाईल. असं लिहा: इमारतीचं नाव, रस्ता, वॉर्ड, कितवा मजला, कुठला गाळा, काम कधी सुरू झालं, नेमकं काय तोडलं (‘तळमजल्यावर जिन्याजवळच्या पिलरचं काँक्रीट सुमारे दोन फूट उंचीपर्यंत काढून सळ्या उघड्या केल्या आहेत’), फोटो, तारखेसह, आणि शेवटी मागणी: कलम ३५४ए अन्वये काम थांबवावं आणि पाहणीचा अहवाल मला कळवावा. सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत इमारत व कारखाने विभागाला. आवक विभागातून आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नव्हती असं समजा.

पाहणीला साधारणतः कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंता येतो, सोबत मुकादम. कुलूप असेल तर कलम ४८८ची नोटीस लावून पुन्हा येतात. या फेऱ्यांत दिवस जातात, तेव्हा पाठपुरावा दर आठवड्याला करा. अभियंत्यावर ओरडून काही साधत नाही. एकेकाच्या गळ्यात अवाढव्य भाग असतो. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ‘कारवाई का झाली नाही’ असं विचारू नका, ‘क्रमांक अमुकच्या तक्रारीवर झालेल्या पाहणीच्या अहवालाची आणि दिलेल्या नोटिशीची प्रत द्यावी’ असं मागा. कागद मागितला की कागद तयार होतो.

मुंबईबाहेर

ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांना १९४९चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तिथे धोकादायक इमारतीसाठी कलम २६४ आणि तिशीनंतरच्या दाखल्यासाठी कलम २६५ए. नकाशांसाठी २०२० सालची एकत्रित नियमावली. नगरपरिषदांचा कायदा १९६५चा. शहर लहान म्हणून धोका लहान नसतो, आणि इमारत नवी म्हणून तो टळतही नाही. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला कोसळलेली आणि ७४ बळी घेणारी इमारत बांधून पुरी व्हायची होती. ऑगस्ट २०२०मध्ये महाडची तारीक गार्डन पडली तेव्हा तीही तिशीच्या जवळपास नव्हती.

वाट बघायची नाही अशा खुणा

पिलरला उभी भेग जाऊन ती दिवसागणिक रुंदावणं. कालपर्यंत लागत होतं ते दार आज चौकटीत अडकणं. छतातून वाळू आणि खडी गळणं. रात्रीच्या शांततेत भिंतीतून कडकड आवाज येणं. पिलर मध्येच फुगलेला दिसणं. यातलं काहीही दिसलं की इंजिनीअरची वाट बघू नका. दारं वाजवत, सगळ्यांना उठवत जिन्याने खाली या, लिफ्ट वापरू नका, आणि इमारतीच्या उंचीइतकं तरी लांब जाऊन उभे राहा. मग फोन: पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, अग्निशमन दल १०१. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा, किती मजले आणि अंदाजे किती माणसं ते सांगा, आणि आत कोणी अंथरुणाला खिळलेलं राहिलं असेल तर कितव्या मजल्यावर, ते आधी सांगा.